आबांच्या जीपचा सेकंड गिअर

भुईबावडा घाट उतरताना सेकंड गिअर सटकला. आत्याला वैभववाडीला सोडायला निघाले होते, मागे तिची बॅग, गुळाचे चार रवे आणि दोन गाठोडी, गगनबावडा मागे पडून उतार लागला तशी मी गाडी सेकंडला टाकली आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. इंजिनच्या जोरावर गाडी धरून घाट उतरायचा, ब्रेक राखून ठेवायचा, ही आबांची शिकवण. तिसऱ्या का चौथ्या वळणावर हाताखाली खट्ट झालं, लिव्हर आपोआप न्यूट्रलला आला आणि गाडी मोकळी सुटली. इंजिनचा आवाज एकदम खाली गेला आणि वाऱ्याचा वाढला. पोटात गोळा येणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

ज्यांनी ही गाडी चालवली नाही त्यांना सांगते, यात घाबरण्यासारखं काय आहे ते. आबांची जीप म्हणजे महिंद्राची सीजे थ्री बी, १९७६ ची, आपल्याकडे हाय बॉनेट म्हणतात ती. पेट्रोलचं हरिकेन इंजिन, चारी चाकांना ड्रम ब्रेक आणि सगळ्यांना मिळून एकच लाइन. गिअरबॉक्स टी-९०, तीनच गिअर. फर्स्टचं प्रमाण २.८ ला एक, सेकंडचं १.५५ ला एक, टॉप सरळ एकास एक. आणि फर्स्टला सिन्क्रो, म्हणजे गिअर पडताना वेग जुळवणारी रिंग, नाही! म्हणजे पळत्या गाडीत सेकंड सटकला तर पटकन फर्स्ट मारता येत नाही, डबल क्लच करून, म्हणजे मध्ये न्यूट्रलला थांबून क्लच दोनदा दाबून, रेस जुळवावी लागते, ती जुळेपर्यंत गाडीने अजून वेग घेतलेला असतो. लो मध्ये टाकावं म्हटलं तर ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीत, लो रेंज (सगळे गिअर अजून हळू करणारी) पुढची चाकं जोडल्याशिवाय लागत नाही, आणि कोरड्या डांबरावर वळणावळणाने फोर व्हील लो म्हणजे सगळ्या दांड्या पिळून निघतात. त्यामुळे घाट उतरायला आपला एकच भरवशाचा गिअर, सेकंड. तोच दगा द्यायला लागला.

ब्रेक मारला, परत सेकंडला घातला आणि उरलेला अख्खा घाट डाव्या हाताने लिव्हर पुढे दाबून धरून उतरले, स्टिअरिंगला एकच हात. आत्याला काही बोलले नाही. वैभववाडीला पोचल्यावर तिने चहा ठेवला तेव्हा माझं मनगट थरथरत होतं.

यापूर्वी एकदा असं झालं होतं, वर्षभरापूर्वी, तेव्हा एका गॅरेजमध्ये दाखवली होती. त्यांनी वरचं झाकण उघडून सिलेक्टरच्या स्प्रिंगा आणि गोळ्या बदलल्या, ऑइल वरून थोडं टॉप-अप केलं आणि गाडी दिली. त्यात चूक काही नव्हती, कारण सिलेक्टरच्या रॉडवर खाचा असतात, त्यात स्प्रिंगने दाबलेली गोळी बसते आणि गिअर जागेवर राहतो, स्प्रिंग मेली की गिअर सटकतो हे खरंच आहे. पण नवीन स्प्रिंगने फक्त दोन आठवडे बरं वाटलं. स्प्रिंग म्हणजे दाराची कडी. दार आतून कोणी ढकलत असेल तर कडी किती दिवस टिकणार? आत कोण ढकलतंय हे कोणी बघितलंच नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

आता हँडब्रेकचं सांगते, कारण खरी गोष्ट तिथून सुरू होते. या जीपला हँडब्रेक मागच्या चाकांना नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे जिथून मागचा प्रॉपेलर शाफ्ट निघतो तिथे एक ड्रम असतो, त्यावर असतो. आमचा हँडब्रेक दोन वर्षं धरत नव्हता. चढावर उभी केली की मागच्या चाकाला दगड लावायचा, सवयच झाली होती, सीटखाली एक चांगला तिरका काळा दगड कायमचा ठेवलेला. मी दोनदा लायनर बदलले. प्रत्येक वेळी ड्रम उघडला की आत ऑइलने चिकचिकाट, पेट्रोलने धुवायचं, नवीन लायनर लावायचे, महिना-दीड महिना धरायचा, परत तेच. सील गळतंय, सीलही बदलून झालं. तरी गळतंय. जुनी गाडी आहे, गळणारच, असं सगळेच म्हणतात आणि मीही तेच धरून चालले होते. ते मला आता फार लागतं, कारण गाडी दोन वर्षं सांगत होती आणि मी चाकाला दगड लावत होते.

घाटातून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार. आबा आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत, गुडघ्यामुळे गाडीखाली जाता येत नाही, पण कान तल्लख. सोप्यात खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, "आधी खोलू नको. आधी ऐक."

ऐकण्याची पद्धत सांगते, कुठल्याही जुन्या जीपला चालेल, पैसे पडत नाहीत. गाडी उभी, इंजिन चालू, न्यूट्रल, क्लचवरून पाय काढलेला. आमच्या गाडीत खालून घरघर येत होती, जात्यात कोरडं धान्य टाकल्यासारखी. क्लच दाबला की घरघर बंद. याचा अर्थ क्लच बेअरिंग ठीक आहे, कारण ते बिघडलं असतं तर क्लच दाबल्यावर आवाज आला असता. क्लच सोडल्यावर गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट आणि त्याच्यासोबत खालचा काउंटर शाफ्टवरचा क्लस्टर, म्हणजे एकाच तुकड्यातला गिअरांचा जुडगा, फिरायला लागतो, म्हणजे चोर या दोघांत कुठेतरी. मग गावाबाहेरच्या सपाट रस्त्यावर नेली. फर्स्टला घरघर, सेकंडला जास्त, टॉपला जवळजवळ गप्प. इथे खूण पटते, कारण टॉपमध्ये पुढचा शाफ्ट आणि मागे चाकांकडे ताकद नेणारा मेन शाफ्ट एकमेकांत लॉक होऊन सरळ एक दांडी होते, ताकद खालच्या क्लस्टरमधून जातच नाही, तो नुसता रिकामा फिरतो. फर्स्ट-सेकंडला मात्र सगळा भार क्लस्टरमधून. म्हणजे काउंटर शाफ्ट तरी गेलाय, नाहीतर दोन शाफ्टच्या मधलं पुढचं छोटं नीडल बेअरिंग (सुईसारख्या बारीक रोलरांचं), कारण तेही टॉपमध्ये गप्प बसतं.

तिसरी गोष्ट आबांनी करायला लावली. सेकंडमध्ये सायकलच्या वेगाने चालवत ॲक्सिलरेटर दाब-सोड, दाब-सोड करायचं, लिव्हरला हात लावायचा नाही, फक्त बघायचं. दाबला की लिव्हर थोडा पुढे, सोडला की बोटभर मागे. प्रत्येक वेळी! इंजिनची रबरं फाटली असली तरी असं होतं, म्हणून ती आधी बघितली, इंजिनला गिअरबॉक्स जोडणाऱ्या बेल हाउसिंगचे बोल्टही तपासले, कारण ते ढिले असले तर गिअरबॉक्स वाकडा बसतो आणि गिअर सटकतो. सगळं घट्ट. म्हणजे हालचाल आतली.

मग मी लेव्हलचा बोल्ट काढला. गिअरबॉक्सच्या बाजूला असतो तो, त्याच्या कडेपर्यंत ऑइल पाहिजे. बोट घातलं, कोरडं. बोट वाकवून खाली नेलं, तरी कोरडं. मग मागे सरकून ट्रान्सफर केसचा तसाच बोल्ट काढला आणि हातावर, मनगटावर, बाहीत भसाभसा ऑइल आलं, थांबेचना. तशीच गाडीखाली पडून राहिले थोडा वेळ. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस एकाला एक चिकटून असतात, मेन शाफ्ट एकातून दुसऱ्यात जातो. आमच्या गाडीत त्या मधल्या जागेतलं सील कडक होऊन मेलं होतं, त्यामुळे गिअरबॉक्समधलं ऑइल हळूहळू ट्रान्सफर केसमध्ये जात होतं, ट्रान्सफर केस गरजेपेक्षा जास्त भरून मागच्या सीलमधून ओकत होता आणि ते सगळं हँडब्रेकच्या ड्रममध्ये. मी मागचं सील बदलत बसले होते. तिथे सीलचा दोषच नव्हता, त्याच्यामागे तळं साठलं होतं. (काही जीपना या दोन्ही पेट्यांच्या मध्ये मुद्दाम वाट ठेवलेली असते, त्यांची लेव्हल सोबतच बघायची असते. तुमची कुठली आहे ते उघडल्यावरच नीट कळतं, पण दोन्ही बोल्ट काढून बघायला काय जातंय.)

ऑइल जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळलं. फडक्यावर सोनेरी चमक राहिली, उन्हात धरलं तर गणपतीच्या मखराची जरी वाटावी अशी. ते पितळ, म्हणजे सिन्क्रो रिंगा. मग परातीत लोहचुंबक फिरवलं, त्याला काळं लोणी चिकटलं आणि त्या लोण्यात टोचलं काहीतरी. पुसून बघितलं तर नीडलचा तुकडा, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा, एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने तुटल्याची करकरीत धार. आबांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी चष्मा वर करून डोळ्याजवळ नेला आणि एवढंच म्हणाले, "काढूया."

काढायला शनिवार-रविवार गेला, धाकटा भाऊ आला होता मदतीला. फळ्या, लिव्हर, दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट, स्पीडोमीटरची केबल, क्लचची दांडी, खालचा आडवा पत्रा, इंजिनच्या मागे लाकडी ठोकळा ठेवून जॅक, ह्यात सांगण्यासारखं काही नाही, फक्त कास्ट आयर्नच्या दोन पेट्या एकत्र खाली घेताना पाय बाजूला ठेवा. सांगण्यासारखं आहे ते दोन पेट्या सोडवण्याचं. ट्रान्सफर केसच्या मागे एक झाकण असतं, ते काढलं की मेन शाफ्टच्या टोकावर नट आणि खिळा दिसतो. नट काढून गिअर ओढला आणि तसाच ट्रान्सफर केस मागे खेचला तर मेन शाफ्टही सोबत येतो आणि आतल्या सुट्या नीडला भुरुभुरु खाली. म्हणून आधी गिअरबॉक्सचं वरचं झाकण काढून सेकंड गिअरच्या मागून मेन शाफ्टला बांधकामाची तार घालायची, ती पुढे आणून पुढच्या झाकणाच्या बोल्टना पिळून घट्ट बांधायची. ही कंपनीच्या जुन्या मॅन्युअलमध्येच सांगितलेली पद्धत आहे, आणि आबा मॅन्युअल न वाचता हेच करायचे.

गिअरबॉक्स घेऊन कोल्हापूरला गेलो, शिवाजी उद्यमनगरात. आबांच्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत, मी त्यांना लहानपणापासून मामा म्हणते. कोल्हापुरात वाढलेल्यांना उद्यमनगर काय आहे ते सांगायला नको, फाउंड्रीच्या वासापासून लेथच्या आवाजापर्यंत सगळं एका हाकेवर, शेतीच्या इंजिनापासून काहीही तिथे परत उभं राहतं. मामांनी पेटी बघितली आणि विचारलं, "मी करू का तू करतीस?" म्हटलं, मी करते, तुम्ही बघा. "मग हात धू आधी," म्हणाले. गिअरबॉक्सच्या आत वाळूचा एक कण गेला तरी तो तिथेच दळत बसतो, म्हणून काम सुरू करतानाच हात धुवायचे, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं.

काउंटर शाफ्ट काढायला डमी शाफ्ट लागतो. क्लस्टर गिअरच्या पोटात दोन्ही टोकांना सुट्या नीडला असतात, शाफ्ट बाहेर काढला की त्या विखुरतात, आणि परत बसवताना तर त्या आत धरून ठेवायलाच काहीतरी पाहिजे. शेजारच्या टर्नरने पाऊण तासात करून दिला, जाडी मूळ शाफ्टपेक्षा पाच थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) कमी, लांबी क्लस्टर अधिक दोन्ही बाजूचे थ्रस्ट वॉशर (क्लस्टरची पुढे-मागे हालचाल आवरणाऱ्या चकत्या) एवढी, केसच्या आतल्या अंगात मावेल अशी. पेटीच्या मागच्या बाजूला एक छोटी लॉक प्लेट दोन शाफ्टच्या खाचांत बसलेली असते, काउंटर शाफ्टच्या आणि रिव्हर्सच्या, ती आधी काढायची. मग डमी शाफ्ट पुढून लावून हळूहळू ठोकायचा, मूळ शाफ्ट मागून बाहेर येतो, डमी त्याची जागा घेतो आणि क्लस्टर अलगद पेटीच्या तळाशी बसतो. मग वरच्या शाफ्टना वाट मोकळी होते.

बाहेर आलेला काउंटर शाफ्ट मी अजून जपून ठेवलाय. पुढचं टोक, जिथे नीडला फिरतात, तिथे चार बोटं रुंद जागा अशी की नख फिरवलं तर खड्ड्यात अडकतं, वरची कडक कातडी सोलून गेलेली, आत करडी भुकटी. मागचं टोक मात्र चकचकीत. मामांनी विचारलं, "पुढचंच का गेलं?" मला सुचेना. "चढाला ऑइल मागं जातंय. लेव्हल कमी आसली की पुढचं टोक उघडं पडतंय, आणि चढालाच तर ताकद लागतीया." शाफ्ट हातात होता आणि मला गगनबावड्याचे सगळे चढ आठवत होते, मागे ट्रॉली लावून आबांनी नेलेले पण आणि मी नेलेले पण.

आता सेकंड गिअर. सिन्क्रो रिंगांचं पितळ इतकं झिजलेलं की रिंग गिअरच्या निमुळत्या कोनवर पूर्ण आत बसत होती, गिअरच्या दातांना टेकत होती. रिंग कोनवर दाबली की रिंग आणि दात यांच्यात फट राहिलीच पाहिजे, तीच रिंगची उरलेली जिंदगी. आमच्यात फीलर गेजची सगळ्यात बारीक पातीही जाईना. पण गिअर सटकतो तो रिंगेमुळे नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. रिंग फक्त गिअर पडताना वेग जुळवते. एकदा पडला की त्याला धरून ठेवतात ते स्लीव्हचे, म्हणजे सरकून गिअरला जोडणाऱ्या कड्याचे, आणि गिअरचे छोटे दात. हे दात नवे असताना सरळ भिंतीसारखे असतात. आमच्या सेकंड गिअरचे भिंगातून बघितले तर एका अंगाने सरळ आणि दुसऱ्या अंगाने तासलेले, पेन्सिलीला टोक करायला सुरुवात केल्यावर दिसते तसे. तासलेलं अंग कुठलं? ॲक्सिलरेटर सोडल्यावर ज्याच्यावर भार येतो ते. उतरणीला चाकं इंजिनला ढकलतात, दातांची दुसरी बाजू लागते, ती बाजू उतरती झालेली, म्हणजे जेवढा जोर तेवढा स्लीव्ह मागे घसरणार. वर तो गिअर मेन शाफ्टवर हलत होता, त्यामुळे त्याला घसरायला जागाही मिळाली. दार आतून ढकलणारा सापडला.

एका माणसाने तिथेच सुचवलं की दात वेल्डिंगने भरून घासून घे, स्वस्तात होईल. मी नाही केलं, आणि कोणी करू नये असं मला मनापासून वाटतं. ते दात कडक केलेले असतात, वेल्डिंगने आजूबाजूचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं, आणि हाताने घासलेले सगळे दात एकसारखे भार घेत नाहीत, दोन-तीनच घेतात. घाटात ज्याच्यावर घरची माणसं बसणार तिथे ही काटकसर नको. तसंच नवीन गिअर आणि जुना स्लीव्ह असंही करू नये, जुना नव्याला महिन्यात आपल्यासारखा करून टाकतो. सेकंड गिअर, स्लीव्ह, दोन्ही रिंगा एकदम बदलायच्या.

सामान गोळा करायला पाच आठवडे गेले. काउंटर शाफ्ट, नीडला, बेअरिंगं कोल्हापुरातच मिळाली. सेकंड गिअर आणि स्लीव्ह पंजाब-हरियाणाच्या सीमेवरच्या मंडी डबवालीहून ट्रान्सपोर्टने मागवले, जीपचा बाजार म्हणून ते गाव सगळ्या जीपवाल्यांना माहीत आहे. रिंगांनी मात्र रडवलं. पहिल्या जोडीला मामांनी परीक्षा घेतली, कोनवर पेन्सिलीने उभ्या रेघा मारल्या, वीसेक असतील, रिंग दाबून अर्धा फेरा फिरवली आणि काढली. रेघा फक्त खालच्या कडेला पुसलेल्या, वर तशाच्या तशा. म्हणजे रिंग काठावरच टेकतेय, पोटात नाही. परत पाठवली. दुसरी जोडीही तशीच. तिसऱ्या जोडीच्या रेघा वरपासून खालपर्यंत सारख्या फिकट झाल्या आणि रिंग दाबून सोडल्यावर कोनला चिकटून राहिली, उलटी केली तरी पडेना, बोटाने टिचकी मारल्यावर सुटली. "ही घ्या," मामा म्हणाले. सामान विकत घेताना खिशात पेन्सिल ठेवा एवढंच सांगेन.

बसवताना आबाही आले, भावाने गाडीतून आणलं. नीडला क्लस्टरच्या पोटात ग्रीस लावून एकेक चिकटवायच्या, मध्ये डमी शाफ्ट. हे काम आबांनी स्वतः केलं, वाकायचं नव्हतं, टेबलावरच होतं. त्यांची बोटं आता थोडी कापतात पण नीडल ग्रीसमध्ये टेकवताना एकदाही कापली नाहीत. काढताना किती निघाल्या ते मी वहीत लिहिलं होतं आणि तुटलेलीचे तुकडे जुळवून ती पण मोजली होती, कारण शेवटची नीडल बसल्यावर अजून एक मावेल असं वाटतं आणि माणूस ती दाबून बसवतो, किंवा एक कमी राहिली तरी लक्षात येत नाही. पुढच्या बाजूला आबांनी सगळ्या बसवल्या आणि वहीच्या आकड्यापेक्षा एक कमी निघाली. ती त्यांच्या बाहीला चिकटलेली होती.

क्लस्टरला पुढे-मागे किती हालचाल पाहिजे त्याचं मॅन्युअलमध्ये माप आहे, १२ ते १८ थाऊ. नवीन वॉशर घालून मोजलं तर सहाच आले. चालेल की, बसेल नंतर, असं वाटतं ना? गरम झाल्यावर धातू वाढतो, तेल जायला जागा राहत नाही, वॉशर जळतो. मामांनी काचेचा तुकडा दिला, त्यावर बारीक एमरी पेपर, थोडं तेल, आणि मागचा स्टीलचा वॉशर आठच्या आकड्यात घासत बसले. घासायचा, पुसायचा, घालायचा, मोजायचा, परत काढायचा. संध्याकाळी साडेसातला १४ आले. त्या दिवशी दुसरं काही झालं नाही.

क्रँकच्या टोकात जिथे गिअरबॉक्सच्या शाफ्टचं नाक जातं तिथला पितळी बुशही बदलला, तो ढिला असेल तर पुढचा शाफ्ट डोलतो आणि सगळी नवीन मेहनत वाया. तो काढायची युक्ती मला फार आवडली. बुशच्या भोकात गच्च ग्रीस भरायचं, भोकात बरोबर बसेल असा रॉड घालायचा आणि हातोडीने ठोकायचं. ग्रीसला जायला जागा नाही, ते बुशच्या मागे जाऊन त्यालाच बाहेर ढकलतं. चौथ्या ठोक्याला तो चार-पाच मिलिमीटर पुढे आला, नवव्या-दहाव्याला हातात.

दोन पेट्यांच्या मध्ये नवीन सील तर घातलंच, शिवाय मेन शाफ्टच्या मागचं बेअरिंग एका बाजूने सील असलेलं घेतलं. आणि ऑइल. गेल्या वेळी टॉप-अप केलं होतं ते जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल होतं, डब्यावरून नंतर कळलं. जीएल-५ मधली जास्त दाबासाठीची रसायनं, गंधक-फॉस्फरसची, डिफरन्शिअलला उत्तम पण पितळेला चांगली नाहीत, शिवाय ते जास्त निसरडं, सिन्क्रो रिंगेला पकड घ्यायची असते ती मिळत नाही. गिअरबॉक्समध्ये जीएल-४, ९० नंबर. दुकानदार सांगतात नंबर मोठा म्हणजे चांगलं. तसं नसतं, डबा हातात घेऊन वाचा.

सगळा मिळून खर्च १९ हजारांच्या आसपास गेला, त्यात मामांनी त्यांच्या हाताचे काही घेतले नाहीत, मागच्या आठवड्यात त्यांच्या घरी नवीन तांदळाचं पोतं पोचवून आले.

गाडी जोडून झाल्यावर पहिले दोनशे किलोमीटर सपाटीवरच चालवली, मग ऑइल परत काढून बघितलं, थोडी पितळेची धूळ, नवीन रिंगांची, तेवढी असते. नवीन ऑइल भरलं. मग भुईबावडा. आबा शेजारी बसले होते, म्हणाले, मी येणारच. घाटाच्या तोंडाशी गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला, ब्रेकवरचा पाय काढला. उतारावर, चाकाला काही न लावता, गाडी उभी राहिली. मग सेकंडला टाकून निघालो. पहिल्या दोन वळणांना माझा हात लिव्हरवरच होता. आबांनी माझं मनगट धरून उचललं आणि स्टिअरिंगवर नेऊन ठेवलं. खालपर्यंत लिव्हर हलला नाही, ॲक्सिलरेटर सोडला तरी नाही, खड्ड्यात आपटली तरी नाही.

आता आठशे किलोमीटर झालेत. परवा दोन्ही बोल्ट काढले, गिअरबॉक्सचं ऑइल भोकाच्या कडेला, ट्रान्सफर केसचं पण कडेला, वर नाही. ड्रम कोरडा. फर्स्टला अजून थोडा आवाज आहे, तो सरकता गिअर जुनाच ठेवलाय, त्याच्या दातांच्या कडा वर्षानुवर्षं कचकच खाऊन तुटक्या झाल्यात, पण भार घेणारा भाग चांगला आहे. त्याच्याबद्दल मी आबांना विचारलं, तर म्हणाले, "तेवढा ऱ्हाऊ दे. पावसाळा झाला की बघू." पावसाळ्याच्या आत पुढच्या ॲक्सलची सीलं बघायची आहेत, डावीकडच्या चाकाच्या आतून ग्रीस पाझरायला लागलंय.